शेवंता जोगती आणि आमचा निळा तक्ता

शेवंता जोगती, वय साठीच्या आसपास, राहणार वडूजच्या पूर्वेची एक वाडी, तालुका खटाव. हिच्यावर अन्याय झाला तो गेल्या वर्षी, श्रावणातल्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, सांगलीतल्या एका मोठ्या दवाखान्यात, केसपेपरच्या खिडकीवर. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण त्या खिडकीवर मिळालेली नंबराची चिठ्ठी माझ्या पाकिटात आहे आणि तिच्यावर वेळ छापलेली आहे. अन्याय करणाऱ्यांत खिडकीमागची एक बाई होती, रांगेत हसलेली दहा-बारा माणसं होती आणि मी होतो. मी त्या वेळी तिथं नव्हतो. सांगलीतच, विश्रामबागेतल्या आमच्या संस्थेच्या कार्यालयात पाहुण्यांबरोबर चहा पीत होतो. तरी सगळ्यात मोठा वाटा माझाच.

संपादक म्हणाले, कामातले अनुभव लिहा, गमतीचे किस्से असतील तर बरं. दिवाळी अंकात असं लिहायला निवृत्त माणसं असतात, शेजारी त्यांचा करड्या केसांचा फोटो असतो. माझं वय एकोणतीस. पण सात वर्षं हेच काम केलंय आणि त्यात माणसाला पेन्शनीच्या वयाचा थकवा येतो. किस्से आहेत. ते आधी सांगून टाकतो.

माझा धंदा शब्द शिकवण्याचा. हसू नका. पोलीस ठाणी, दवाखाने, कॉलेजं, तहसील, जिथं बोलावतील तिथं जायचं, दोन तास उभं राहून सांगायचं की ज्यांना तुम्ही टाळी वाजवून चिडवता त्यांना काय म्हणायचं आणि काय म्हणायचं नाही. उरलेल्या वेळात त्याच माणसांचे अर्ज भरून द्यायचे, शपथपत्रं करून द्यायची, जिल्हाधिकारी कार्यालयातून ओळखपत्रं मिळवून द्यायची. मी स्वतः पारलिंगी पुरुष आहे. म्हणजे जन्मल्यावर सुइणीनं मुलगी सांगितली, घरच्यांनी मुलगी वाढवली, आणि मी ती नव्हतो. सतराव्या वर्षापर्यंत मला वाटायचं की जगात असा मी एकटाच बिघडलेला आहे. मग कॉलेजच्या फाटकाबाहेर कुणीतरी एक पत्रक हातात दिलं. त्यात एक शब्द होता, त्याच्यापुढं दोन ओळींत अर्थ होता आणि तो अर्थ मी होतो. त्या कागदाची घडी मी इतकी उलगडली की शेवटी तिचे चार तुकडे झाले. एका शब्दानं माणूस वाचतो हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढं जे बिघडलं ते इथूनच.

पत्रकांवर वाढलेला माणूस मी. त्यामुळं शब्दांची कुळं तोंडपाठ. ‘तृतीयपंथी’ घ्या. तृतीय म्हणजे तिसरा, पंथ म्हणजे वाट. जुन्या संस्कृत ग्रंथांत ‘तृतीया प्रकृती’ सापडते, म्हणजे पुरुष नाही, स्त्री नाही, असा तिसरा स्वभाव. मराठी सरकारी कागदावर हाच शब्द चालतो. काहींना तो आवडतो, काहींना त्यातला पंथ खटकतो. आम्ही काय कुठल्या बुवाचे अनुयायी आहोत का, असं विचारतात. ‘हिजडा’ हा अरबीतून आला, आपल्या टोळीपासून तुटलेला अशा अर्थाच्या मुळातून, असं अभ्यासक सांगतात. ज्यांचं घराणं आहे, गुरू आहे, ती माणसं हा शब्द स्वतःसाठी ताठ मानेनं वापरतात. तुमच्या तोंडात तो शिवी होतो, कारण तुम्ही तो शिवी म्हणूनच शिकलात. ‘किन्नर’ स्वर्गातल्या गाणाऱ्यांचं नाव, आपल्याकडं हिंदीतून आलं. ‘ट्रान्सजेंडर’ इंग्रजी. जन्माच्या वेळी जे लिंग ठरवलं गेलं ते ज्याचं नाही, असा कुणीही माणूस. ऑपरेशन झालेलं असो वा नसो. त्याला मराठीत ‘पारलिंगी’, पार म्हणजे पलीकडं. हा शब्द वयानं माझ्याहून लहान असेल. विश्रामबागेतल्या एका कॉलेजात मराठीचे एक प्राध्यापक या शब्दावर माझ्याशी पाऊण तास भांडले. समास बरोबर नाही म्हणाले. मी म्हणालो, सर, समास चुकला तर मार्क जातात, माझा शब्द गेला तर मी जातो. तेव्हा वर्गात टाळ्या पडल्या. मला टाळ्यांची सवय लागली होती.

आणखी एक किस्सा. साताऱ्याकडच्या एका पोलीस ठाण्यात शिकवत होतो. मागच्या बाकावरचे एक हवालदार, निवृत्तीला आलेले, पोट टेबलाला टेकलेलं, त्यांनी हात वर केला.

“आवं, ते सगळं ठीक हाय. पण शिवी द्यायची न्हाई म्हणता, मग हाक मारायची कशी?”

“नावानं.”

“नाव कुठं ठावं असतंय?”

“विचारा की त्यांना.”

“इचारायला येळ कुठला, साहेब? मागं वायरलेस कोकलत असतोय. एकच शबूद द्या, डायरीत लिवायला. समद्यास्नी चालंल असा.”

सगळे हसले. मीही हसलो. पण दवाखान्यात हेच ऐकलं, शाळेत हेच, तहसिलात हेच. एकच शब्द द्या. भिंतीवर लावता येईल असं काहीतरी द्या. आणि सात वर्षांत मी जी सगळ्यात मोठी चूक केली ती अशी की मी ते दिलं.

निळा तक्ता. दोन रकाने. डावीकडं हिरव्या खुणेखाली ‘असं म्हणा’, उजवीकडं लाल फुलीखाली ‘असं म्हणू नका’. वरून प्लास्टिकचं आवरण, चार कोपऱ्यांना चार भोकं, म्हणजे स्क्रूनं पक्का बसतो आणि कुणी सहज फाडू शकत नाही. ही भोकांची कल्पना माझीच. मजकूर ठरवायला आम्ही पाच जण बसलो होतो, पाचही कॉलेज शिकलेले, पाचही सांगली-मिरजेचे. लाल फुलीखाली कोणते शब्द टाकायचे यावर वाद झालाच नाही. छक्का, बायल्या, नपुंसक, तिघांनी एकाच वेळी सांगितले. मग मी म्हणालो, “जोगता, जोगती पण टाका.”

एकीनं विचारलं, “ते कशाला?”

मी भाषण केलं. जोगता म्हणजे देवाला सोडलेला. आपल्या पूर्व भागात आणि पलीकडं कर्नाटकात यल्लम्माला माणसं वाहायची चाल आहे. केसांत जट आली की देवीनं बोलावलं म्हणायचं, गळ्यात मोत्यांची माळ बांधायची आणि जन्मभर मंगळवार-शुक्रवार जोगवा मागायला लावायचं. ही गुलामी आहे. मुलगा साडी नेसायला लागला तर त्याला माणूस म्हणून हक्क द्यायचे सोडून देवाच्या नावानं भिकेला लावायचं. आपण हा शब्द चालवून घेणार? पत्रकात शोभावं असं बोललो मी. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या खोलीत एकही जोगती नव्हती. असती तरी मी तिला बोलू दिलं असतं का, हे आज छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

आता शेवंताअक्का.

ती मला पहिल्यांदा भेटली वडूजला, ओळखपत्रांच्या शिबिरात. हिरवं लुगडं, कपाळभर भंडारा, गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची माळ, मागं मनगटाएवढी जाड जट गुंडाळून बांधलेली. पाय अनवाणी. शेजारी खुर्चीवर तिनं तिचा जग ठेवला होता. जग म्हणजे देवीचा मुखवटा बसवलेली, साडीखणानं सजवलेली टोपली; जोगती ती डोक्यावर घेऊन गावोगाव फिरते आणि जग डोक्यावर असताना पायात काही घालत नाही. माझ्याकडं माणसांना खुर्च्या कमी पडत होत्या. मी म्हणालो, “अक्का, ती टोपली खाली ठेवता का?”

“तू उठ की, लेकरा. तू तरणा हाईस. आई म्हातारी हाय.”

मी उठलो. उभ्यानंच तिचा अर्ज भरला. आधार कार्डावर शंकर, पुरुष. मी सांगितलं, इथं आता ‘तृतीयपंथी’ येईल. तिनं मान हलवली नाही.

“ती म्या न्हवं.”

“म्हणजे?”

“ती सिग्नलवर मागत्यात ती. त्येंचं घराणं येगळं, त्येंचा गुरू येगळा. मी जोगती हाय. जोगती लिव.”

मी अर्धा तास समजावलं. कायदा, हक्क, समता, सगळं. ती ऐकत राहिली, जगावरच्या फुलांवरची माशी वारत राहिली आणि शेवटी म्हणाली, “आसंल.” आमच्या भागात ‘आसंल’ म्हणजे तू बोलून दमलास, आता गप बस. हे मला कळायला हवं होतं, मी इथलाच आहे. मी ते होकार म्हणून घेतलं. निघताना माझा फोन नंबर एका कागदावर मोठ्या आकड्यांत लिहून दिला. काही अडलं तर फोन करा, म्हणालो.

श्रावणात तिचा फोन आला. पायात बाभळीचा काटा मोडला होता. अंगात साखर होती, तिला ते ठाऊकही नव्हतं. अंगठा आधी लाल झाला, मग निळा, मग कडेनं काळा. वडूजच्या डॉक्टरांनी बघितलं आणि सांगितलं, मोठ्या दवाखान्यात जा, दोन दिवसांच्या आत, नाहीतर पाय जाईल. हे शब्द तिनं मला फोनवर जसेच्या तसे सांगितले. पाय जाईल.

“साताऱ्याला जाऊ का?”

मी म्हणालो, “नको, सांगलीला या.” का म्हणालो? सातारा तिला जवळ होतं. पण सांगलीतल्या त्या दवाखान्यात मी स्वतः शिकवलं होतं. आमचा तक्ता तिथं पहिला लागला होता. “तिथं तुम्हाला कुणी काही बोलणार नाही, अक्का. तिथली माणसं आपली आहेत. मी खिडकीपर्यंत येतो तुमच्याबरोबर.”

मंगळवारी ती आली. मंगळवार जोगव्याचा वार. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत कधी न चुकलेला मंगळवारचा जोगवा तिनं त्या दिवशी चुकवला, इतका पाय ठणकत होता. वडूजहून विटा, विट्याहून सांगली, यष्टीत पाय पुढच्या सीटच्या दांड्यावर टेकवून. सकाळी दहाला फोन आला, पोचले म्हणून. मी म्हणालो, नंबर घ्या, मी येतोच. त्याच वेळी पुण्याहून पाहुणे आले होते, आमचं काम बघायला. त्यांना निळा तक्ता फार आवडला. एकानं भिंतीवरच्या तक्त्याबरोबर माझा फोटो काढला. मी गेलो नाही.

खिडकीवर जे घडलं ते मला नंतर दोघींनी सांगितलं, शेवंताअक्कानं आणि खिडकीमागच्या सुनीताताईंनी. दोघींचं सांगणं जुळतं. कुणी काही लपवलेलं नाही.

सुनीताताई माझ्या वर्गातली सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. वही आणणारी. त्यांनी आधार कार्ड बघितलं, समोरचं लुगडं बघितलं आणि अगदी शिकवल्याबरहुकूम, चेहऱ्यावर हसू ठेवून विचारलं, “तुम्ही तृतीयपंथी आहात ना? तसं लिहिते हं, अक्का.”

“न्हाई, बाई. जोगती लिवा.”

“अक्का, तो शब्द आता वापरायचा नसतो. अपमानकारक आहे तो.”

“कुणाचा अपमान?”

“तुमचाच. हे बघा, इथं लिहिलंय.” आणि त्यांनी काचेशेजारच्या तक्त्याकडं बोट केलं.

अक्काला वाचता येत नाही. तिनं मागच्या माणसाला विचारलं, “वाच रं, बाळा, काय लिवलंय.” त्या माणसानं वाचलं. मोठ्यानं वाचलं, रांगेला ऐकू जाईल असं. लाल फुलीखालचं सगळं, ओळीनं. एकेक शिवी. आणि शिव्यांच्या शेवटी, त्याच पंगतीत, जोगता, जोगती.

रांग हसली. कशाला हसली ते रांगेलाही सांगता येणार नाही. शिव्या मोठ्यानं वाचल्या की माणसं हसतात.

अक्कानं एकच विचारलं, “हे कुणी लिवलं?”

सुनीताताई कौतुकानं म्हणाल्या, “तुमच्या त्या दादांनीच. विश्रामबागेतले, ओळखपत्रं काढून देणारे. फार चांगलं काम करतात.”

तिनं कार्ड परत मागितलं. नंबराची चिठ्ठी खिडकीच्या कठड्यावर ठेवली, अकरा वीसची; ती सुनीताताईंनी जपून ठेवली आणि पुढं मला दिली. वडूजच्या डॉक्टरांचा कागद पिशवीत घातला आणि काळ्या अंगठ्यानं लंगडत स्टँडवर परत गेली. सुनीताताई दोनदा हाक मारून ओरडल्या, पण मागं रांग होती.

मी दुपारी फोन केला, उचलला नाही. संध्याकाळी केला, उचलला नाही. मी स्वतःची समजूत घातली की ॲडमिट झाली असेल, फोन बंद असेल. आणि त्या महिन्याच्या अहवालात एक ओळ लिहिली. ‘वडूज परिसरातील एका व्यक्तीस प्रशिक्षित रुग्णालयात सन्मानपूर्वक उपचार मिळवून दिले.’ ही ओळ मी लिहिली. खोटं लिहितोय असं वाटलंही नाही. आमच्या कामात अशा ओळी आपोआप लिहिल्या जातात.

तीन आठवड्यांनी तिच्या भावजयीचा फोन आला. “दादा, आवं, पाय पोटरीपातूर काळा पडलाय. वास मारतोय. बाई दवाखान्याचं नाव काढू दीना. तुमचा नंबर कागदावर घावला म्हणून केला.” मी वडूज गाठेपर्यंत भावानं तिला जीपमध्ये घालून साताऱ्याला हलवलं होतं. गुडघ्याच्या खाली पाय कापला. ताप डोक्यात गेला असता तर तेवढीही उरली नसती, असं डॉक्टर म्हणाले.

साताऱ्याच्या त्या दवाखान्यात आम्ही कधी शिकवलं नव्हतं. भिंतीवर तक्ता नव्हता, भिंतीला धड रंगही नव्हता. तिथल्या सिस्टर, तोंडानं फटकळ, दाखल करतानाचा प्रसंग त्यांनीच मला सांगितला. “मी इचारलं, बाई, तुमाला अक्का म्हनू का मावशी? म्हणल्या, अक्का. नाव काय? शेवंता. मग कागदावर बाप्याचं नाव हाय ते? ते जुनं. बरं. झोपणार कुठं, बायकांत का बाप्यांत? म्हणल्या, बायकांत. म्हणलं, झोपा, बाप्यांच्या वॉर्डात ढेकणं लय हायेत. झालं. ह्यात काय शिकायचं असतंय?”

मी दोन तास घेतो यालाच.

अक्का भिंतीकडं तोंड करून पडली होती. मी स्टुलावर बसलो. तिनं न वळताच विचारलं, “काय रं, माझं बारसं करायला आलतास व्हय?”

“अक्का...”

“माझं बारसं कवाच झालंय. तू जलमला नव्हतास तवा.”

मग तिनं सांगितलं. मी विचारलं नव्हतं, आधी कधीच विचारलं नव्हतं, म्हणून तिनंच सांगितलं. “धा वरसांचा आसताना आयचं लुगडं नेसलो. बानं चाबकानं मारलं. बारा वरसांचा आसताना पुन्यांदा नेसलो, पुन्यांदा मारलं, हिरीत सोडाय निघाला. मग जट आली. थोरल्या चुलत्यानं सांगितलं, देवीचं बोलावणं हाय, हात लावू नगा. यल्लम्माच्या डोंगरावर नेलं, मोती बांधलं, जोगती झाले. त्या दिशी बा माझ्या पाया पडला. ज्या हातानं चाबूक मारला त्या हातानं. कळलं का? त्यो शबूद हाय म्हणून मी हाय. तू त्यो शिव्यांत घातलास. भर रांगंत, माणसाकडनं वाचून घेतला म्या.”

माझ्या डोळ्यांसमोर घडीवर फाटलेलं एक पत्रक आलं. दुसरं काही आलं नाही.

तरीही मी भांडखोर आहे, म्हणून लिहून ठेवतो. पोरगं पोरगं म्हणून, माणूस म्हणून उभं होतं तेव्हा बापाचा चाबूक थांबला नाही. देवीचं झालं तेव्हा थांबला. या गावांनी याची लाज धरावी, असं मला आजही वाटतं, आणि देवाला माणसं सोडायच्या चालीशी माझं आजही भांडण आहे. पण ते भांडण चालीशी आहे. ते मी भांडलो कुणाशी? काळा अंगठा घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बाईशी. आणि ज्या कायद्याच्या नावानं मी तिला अर्धा तास शिकवलं, तो दोन हजार एकोणीसचा कायदा मी त्या रात्री पहिल्यांदा मुळातून वाचला. त्याच्या व्याख्येत किन्नर, हिजडा, अरावणी यांच्यानंतर एक शब्द छापलेला आहे. जोगता. कायद्यात तो ओळख म्हणून आहे. शिवी तो आमच्या तक्त्यात झाला. इतकी वर्षं मी कायदा शिकवत होतो आणि कायद्याबद्दलची पत्रकं वाचत होतो.

खाटेजवळच्या त्या स्टुलावरूनच मी माफी मागितली होती. तेव्हा तिनं माझ्याकडं तोंड वळवलं.

“माफीनं पाय उगवत न्हाई. जितं जितं लावलंस तितनं काढ. तूच लावलंस, तूच काढ.”

सांगलीच्या दवाखान्यात पहिला गेलो. प्रशासनातले गृहस्थ म्हणाले, “आत्ता नको. तपासणीला माणसं यायची आहेत, तक्त्याचे गुण आहेत. महिनाभर थांबा.” मी बरं म्हणून बाहेर आलो आणि खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढून सरळ केसपेपरच्या खिडकीवर गेलो. हात पोचेना. सुनीताताई आतून उठून बाहेर आल्या, स्टूल आणलं आणि दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या. “काढा लवकर, शिपाई येईल.” तिसरा स्क्रू निघताना म्हणाल्या, “मी चांगलंच वागायला गेले हो. तुमचंच पाठ केलं होतं.” शिपाई आला तेव्हा तक्ता माझ्या बगलेत होता आणि आम्ही दोघंही रडत होतो. हीच ती भोकं, माझ्या कल्पनेची, कुणी सहज फाडू नये म्हणून पाडलेली.

कार्यालयात आमच्या संस्थेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, सगळे कशाला काढायचे, त्या एका शब्दावर स्टिकर लाव. मी म्हणालो, शब्द एकच चुकला असता तर स्टिकर पुरला असता. चूक दोन रकान्यांची आहे. समोर माणूस उभा असताना भिंतीकडं बघायला आपण शिकवलं. मी राजीनामा दिला. अर्ज भरायचं काम आता घरच्या टेबलावर करतो.

तक्ते मात्र माझ्या हातात उरलेले नाहीत. लोकांनी फोटो काढले, ग्रुपवर टाकले, स्वतःच छापून लावले. कोयनानगरच्या बाजूला एका शाळेत तर मुख्याध्यापकांनी तो व्हरांड्याच्या भिंतीवर ऑइल पेंटनं रंगवून घेतला होता, अक्षराला अक्षर, माझ्या लाल फुलीसकट. मी घाट चढून गेलो तर हार आणून ठेवलेला. “सर, तुमचंच काम. आम्ही कायमचं केलं.” पुसा म्हणालो तर त्यांना वाटलं मी परीक्षा घेतोय. लेखी पत्र दिल्याशिवाय त्यांनी पांढऱ्या रंगाचा डबा दिला नाही. मी स्वतः ब्रश मारला. पोरं मागं उभी राहून विचारत होती, काय चुकलं होतं, सर? मी म्हणालो, विचारलं नव्हतं.

शेवंताअक्का घरी आहे. जग पाटावर आहे. एका पायावर, कुबडी घेऊन, जग डोक्यावर घेता येत नाही आणि अनवाणी चालायला एक पाऊलच उरलंय. पहिल्या नवरात्रात वाडीतल्या बायका परडी भरायला तिच्या दारात आल्या. आता त्यातल्या निम्म्या येतात, बाकीच्यांना दुसऱ्या गावची जोगती दारात मिळते. मी जातो तेव्हा ती पहिला प्रश्न हाच विचारते, “किती ऱ्हायल्यात?” मी सांगतो, ठाऊक नाही, अक्का. ती म्हणते, “मग इतं का बसलाईस?”

म्हणून इथं लिहितोय. उरलेले तक्ते तुमच्याकडं आहेत. तुम्ही दवाखान्यात काम करता, शाळेत शिकवता, तहसिलात बसता, किंवा नुसते रांगेत उभे असता. निळा रंग, दोन रकाने, लाल फुली. दिसला की काढा. परवानगी मागत बसू नका, मी मागितली होती. स्क्रू असतील तर ड्रायव्हर न्या, भिंतीवर असेल तर रंग न्या. आणि दुसरा तक्ता लावू नका, आमचा सुधारलेलाही नको. खिडकीसमोर माणूस आला की त्याला विचारा, तुम्हाला काय म्हणू, काय लिहू. सांगेल ते त्याच्याच शब्दात लिहा. संगणक दुसरा शब्द मागत असेल तर तसं त्या माणसाला सांगा, त्याच्या शब्दावर फुली मारू नका. वाचता येत नसेल तर लिहिलेलं हळू आवाजात त्याला वाचून दाखवा. आणि मग त्याचा पाय बघा.